मिनँडरच्या नावाने विकलेले ओतीव नाणे

इंडो-ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच पाली ग्रंथातला मिलिंद, याच्या द्राख्मा या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला राजाची मुखाकृती व ग्रीक लेख, तर दुसऱ्या बाजूला वज्र फेकणारी अथीना देवी आणि खरोष्ठी लिपीतला लेख असतो. ही नाणी इसवी सनाच्या पहिल्या शतकातही भडोचच्या बाजारात चालत होती अशी नोंद ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापारावरच्या प्राचीन ग्रीक ग्रंथात आहे. त्यामुळे एखाद्या जुन्या घराण्याच्या संग्रहात असा द्राख्मा असणे संभवनीय वाटते आणि नेमका याच गोष्टीचा फायदा घेऊन एका विक्रेत्याने मला बनावट नाणे विकले.

नाणे मऊ प्लास्टिकच्या सीलबंद पाकिटात होते आणि हवा लागली की चांदी काळवंडते, म्हणून पाकीट उघडू नका, असे त्याने बजावले होते. हा सल्ला मुळातच घातक आहे. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात चांदीवर कालांतराने हिरवट, चिकट थर चढतो, म्हणून नाणी आम्लविरहित कागदी पाकिटात किंवा मायलार या पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकच्या पाकिटातच ठेवावीत. येथे मात्र पाकिटाचा खरा उपयोग नाण्याची कड झाकण्यासाठी होता.

पुढे एका संग्राहक स्नेह्यांनी त्याच विक्रेत्याकडून घेतलेला मिनँडर मला दाखवला. राजाच्या गालावरची बारीक खाच, एका कडेला अर्धवट तुटलेली ग्रीक अक्षरे, मुखाकृतीचे डावीकडे सरकणे, हे सारे माझ्या नाण्यावरही तंतोतंत तसेच होते. प्राचीन नाणी हाताने घाव घालून पाडली जात. एकाच ठशाच्या दोन नाण्यांत ठशातला दोष सारखा येऊ शकतो, परंतु घाव बसण्याची जागा आणि पुढे वापरात पडलेली खाच सारखी येणे जवळजवळ अशक्य असते. दोन्ही नाणी एकाच अस्सल नाण्याच्या साच्यातून ओतलेली होती, हे त्याच क्षणी स्पष्ट झाले. पाकीट उघडून भिंगाखाली पाहिले, तेव्हा मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढी छिद्रे, अक्षरांच्या बोथट कडा आणि परिघावर कानशीचे समांतर ओरखडे अशा ओतकामाच्या खुणा दिसल्या. जुनाटपणा दाखवणारा काळा रंग तर अॅसिटोनच्या बोळ्यावर उतरून आला.

विक्रेत्याने पैसे परत करण्यास नकार दिला. पावतीवर त्याने ‘जुन्या पद्धतीचे चांदीचे नाणे’ एवढेच लिहिले होते. राजाचे नाव, काळ आणि वजन यांचा उल्लेखही नव्हता. शंभर वर्षांहून जुनी नाणी 1972च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि त्यांच्या विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी परवाना पाहावा, राजाचे नाव, काळ, धातू, वजन आणि नाणे खोटे निघाल्यास रक्कम परत करण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी, आणि या गोष्टींना नकार मिळाल्यास व्यवहार तिथेच थांबवावा. आम्ही दोघांनी ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे आणि तिला दोन्ही नाण्यांची मोठी केलेली छायाचित्रे शेजारी-शेजारी जोडली आहेत.