जपानला जाताना फॉरेक्स कार्ड, क्रेडिट कार्ड की येनच्या नोटा?

मावसबहीण मार्चअखेर जपानला चाललीये, सोबत सासू-सासरे आणि मुलगी, आणि तिने विचारलं की ताई सगळे पैसे फॉरेक्स कार्डावर (आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड) टाकू का नोटाच घेऊन जाऊ. फोनवर सांगायला लागले तर अर्धा तास झाला तरी संपेना, म्हणून शेवटी लिहूनच काढते. आम्ही चौघं गेलो होतो, मी, नवरा आणि माझे आई-बाबा, अकरा दिवस, टोकियो क्योटो ओसाका. पैशाचा अभ्यास मी जायच्या आधी खूप केला होता आणि तरीही एक गोष्ट चुकली, ती पुढे सांगते कारण माझ्या मते रेटपेक्षा तीच जास्त महत्त्वाची आहे.

आधी नेहमीच्या बँकेच्या क्रेडिट किंवा डेबिट कार्डाचं बघू. बाहेर वापरलं की बहुतेक कार्डांवर २ ते ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे चलन बदलायचा जादा आकार, लागतो आणि त्या मार्कअपवर परत १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३.५ वालं कार्ड असेल तर एकूण ४.१३ टक्के. २ लाख खर्च झाले तर ८,२६० रुपये नुसते कार्ड वापरल्याचे गेले. हे स्टेटमेंट आल्यावरच कळतं, दुकानात काही दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं की कार्ड फुकट आहे.

आता फॉरेक्स कार्ड. यात मार्कअप वेगळा दिसत नाही कारण तो रेटमध्येच असतो, म्हणून "झिरो चार्ज" ऐकून लगेच हो म्हणू नका, रेट विचारा. समजा गूगलवर १०० येन ५७ रुपयांना दिसतायत, कार्डावर लोड करायला ५८.२० सांगितले आणि नोटांना ६०. मग २ लाखांवर कार्डात साधारण ४,१०० गेले आणि नोटांत १०,०००. रोजचे आकडे बदलतील पण क्रम बहुतेक वेळा हाच असतो, नोटा महाग, कारण नोट कुणीतरी आणून ठेवावी लागते, सांभाळावी लागते, आणि येन तर डॉलरसारखे सगळीकडे पडून नसतात, आम्हाला तर दोन ठिकाणी नाहीच म्हणाले. जीएसटी दोन्हीवर लागतो पण तो किरकोळ आहे, २ लाखांच्या खरेदीवर २७० रुपये.

फॉरेक्स कार्डात एक चूक फार लोक करतात, डॉलर लोड करून जपानला जातात. कार्डात येनचं वॉलेट आहे का हे आधी विचारा आणि येनच भरा, नाहीतर डॉलरमधून येन कापताना क्रॉस करन्सीचा चार्ज लागतो, तोही दोन-तीन टक्क्यांच्या घरात असतो, आणि मग बँकेच्या साध्या कार्डाने काय वाईट केलं होतं!

तिसरा प्रकार हल्ली बराच चालतो, झिरो मार्कअपवाली डेबिट किंवा क्रेडिट कार्डं. रेट व्हिसा किंवा मास्टरकार्डचा लागतो जो गूगलच्या रेटच्या जवळपास असतो, त्यामुळे नुसत्या पैशात बघितलं तर हेच सगळ्यात स्वस्त. मग फॉरेक्स कार्ड कशाला? माझ्या मते दोन कारणांसाठी. एक म्हणजे रेट लॉक होतो, जे भरले ते भरले, मधे येन वर गेला तरी तुमचं बजेट हलत नाही. दुसरं म्हणजे ते तुमच्या बचत खात्याला जोडलेलं नसतं, हरवलं किंवा कुणी नंबर चोरला तर फार तर कार्डात भरलेले जातील, बाबांच्या पेन्शनच्या खात्याला धक्का लागणार नाही. वयस्कर माणसांच्या हातात द्यायला मला फॉरेक्स कार्डच बरं वाटतं. तरुण जोडपं जात असेल तर झिरो मार्कअपवालं घ्या आणि फॉरेक्सच्या भानगडीत पडू नका असंच मी सांगेन.

हॉटेलचं डिपॉझिट मात्र फॉरेक्स कार्डावर देऊ नका. ते लोक रक्कम ब्लॉक करतात आणि ती सुटायला कधी कधी आठवडे लागतात, तोवर तुमचेच पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत. तिथे क्रेडिट कार्ड द्या. आणि कुठलंही बँकेचं कार्ड असो, ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनल वापर चालू केलाय ना ते घरूनच बघा, २०२० पासून आरबीआयच्या नियमामुळे तो मुळात बंदच असतो.

आता रोख. जपान म्हणजे सगळं मशीनवर चालणारा देश असं आपल्या डोक्यात असतं, पण रोख तिथे खूप लागते, निदान आपल्यासारख्यांना. डिपार्टमेंट स्टोअर, हॉटेल, सेव्हन-इलेव्हनसारखी दुकानं, शिनकानसेनची म्हणजे बुलेट ट्रेनची तिकिटं, हे सगळं कार्डावर होतं. पण क्योटोच्या किनकाकुजी देवळाचं ५०० येनचं तिकीट आम्ही रोखीतच काढलं, छोट्या रामेनच्या दुकानात दाराशी कुपनचं मशीन असतं त्यात बहुतेक वेळा १,००० ची नोट नाहीतर नाणी घालावी लागतात, आणि ट्रेन-बसचं जे सुइका कार्ड असतं ते भरायलाही बहुतेक मशीनवर रोखच लागते. क्योटोच्या सिटी बसचं भाडं सरसकट २३० येन, उतरताना ड्रायव्हरजवळच्या डब्यात बरोब्बर टाकायचं, उरलेले परत मिळत नाहीत, शेजारी सुटे करायचं मशीन असतं तेही १,००० च्या नोटेचेच सुटे देतं, १०,००० ची नोट हातात धरून तिथे काही उपयोग नाही. जुलै २०२४ पासून नव्या नोटा आल्यात आणि काही जुनी मशीन त्या घेत नाहीत, तेव्हा दोन्ही प्रकारच्या जवळ असू द्या. नव्या १,००० वर कितासातो शिबासाबुरो आहेत, १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधणाऱ्यांपैकी एक. दोनच वर्षांनी प्लेग मुंबईत आला आणि मग पुण्यात, आमच्या घरात पणजोबांच्या तोंडच्या त्या गोष्टी अजून सांगितल्या जातात, त्यामुळे बाबा ती नोट किती वेळ हातात घेऊन बघत बसले होते.

पण रोख लागते म्हणून सगळी इथूनच न्यायची गरज नाही. आम्ही माणशी १०,००० येन इथून नेले, पहिला दिवस निघेल एवढे, बाकी तिथल्या सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून काढले. बाहेरची कार्डं चालतात, इंग्रजीत पर्याय येतात, मशीनची फी १०,००० येनपर्यंत ११० आणि त्यावर २२०. तुमचं कार्ड देणारी बँक वरून स्वतःची फी लावते ती वेगळी, त्यामुळे रोज थोडे थोडे काढण्यापेक्षा तीन-चार दिवसांचे एकदम काढा. फॉरेक्स किंवा डेबिट कार्डानेच काढा हं, क्रेडिट कार्डाने एटीएममधून कधीच नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं आणि वर फी. आणि एटीएम असो की दुकान, रुपयांत कापू का येनमध्ये असं मशीनने विचारलं तर येनच. रुपये दाबलं की रेट ते ठरवतात, तो नेहमी आपल्या तोट्याचा असतो. आमचं एकदा घाईत रुपये दाबलं गेलं आणि त्याच दिवशीच्या दुसऱ्या बिलाशी ताडून बघितलं तर चांगला पाच टक्के फरक होता.

आता ती चूक. रेट वगैरे सगळं नीट केलं होतं मी, पण चौघांचे पैसे माझ्या एका बॅगेत, फॉरेक्स कार्डही एकच, माझ्या नावाचं. क्योटोला कियोमिझू-देरा देवळात आईचा गुडघा दुखायला लागला म्हणून ती दोघं म्हणाली आम्ही हळूहळू खाली जातो आणि बसने हॉटेलवर पोचतो, तुम्ही बघून या. बाबांकडे हॉटेलचा पत्ता होता, दोघांकडे सुइका कार्ड होतं, मला वाटलं झालं. खाली बसस्टॉपवर गेल्यावर बाबांच्या लक्षात आलं की कार्डात किती उरलेत तेच माहीत नाही आणि खिशात एक येन नाही, उतरताना कमी पडले तर काय करायचं, भाषा येत नाही, फोनला नेट फक्त आमच्या दोघांच्या. म्हणून ती दोघं तिथेच बाकावर बसून राहिली, दीड तास, आम्ही खाली येईपर्यंत, पाणीसुद्धा न घेता. बाबा काही बोलले नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर घरातल्या प्रत्येकाच्या हातात गाडीखर्चाचे पैसे आठवणीने ठेवले त्यांना मी परदेशात रिकाम्या खिशाने फिरवत होते, हे मला अजून टोचतं.

त्याच संध्याकाळी दोघांना प्रत्येकी १०,००० येन दिले, सुटे करून, १,००० च्या नोटा आणि १०० ची नाणी. दुसऱ्या दिवशी आईने स्वतः जाऊन मोची (तांदळाची मिठाई) घेतली, देवळात ५ येनचं नाणं टाकलं, ते भोकाचं असतं, आजीच्या डब्यातल्या भोकाच्या पैशासारखं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्या आधीच्या पाच दिवसांत नव्हतं. तेव्हा कार्ड का रोख याच्या आधी कुणाकडे किती हे ठरव असं मी बहिणीला सांगितलं. दोन प्रौढांच्या नावावर दोन वेगळी कार्डं, एक फॉरेक्स आणि एक झिरो मार्कअप, एकाच बॅगेत न ठेवता. सासू-सासऱ्यांकडे रोख त्यांच्या त्यांच्या पाकिटात. मुलगी अकरावीत आहे, तिच्याकडेही थोडी.

नियमांचं थोडक्यात. नोटा एका माणसाला एका ट्रिपला ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच मिळतात, त्यावर लागले तर कार्डावर. परकीय चलन घेताना ५०,००० रुपयांवरचं पेमेंट रोखीने करता येत नाही, बँकेतूनच. फॉरेक्स कार्डात भरलेले पैसे एलआरएसमध्ये (बाहेर पैसे पाठवायची आरबीआयची योजना) धरतात, वर्षाला १० लाखांच्या वर गेलं तर टीसीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला कर, लागतो, म्हणजे ज्यांची मुलं बाहेर शिकतायत आणि त्याच नावावरून फी पाठवली जाते त्यांनी हिशोब बघूनच कार्ड कुणाच्या नावावर घ्यायचं ते ठरवा. क्रेडिट कार्डाचा बाहेरचा खर्च सध्या त्यात धरत नाहीत.

परत आल्यावर उरलेलं. नाणी इथे कुणी घेत नाही, म्हणून शेवटच्या दिवशी एअरपोर्टवर खाऊ घेताना आधी नाणी संपवा आणि कमी पडतील तेवढेच कार्डाने द्या, दुकानदार हसून मोजून घेतात. नोटा २,००० डॉलरच्या किमतीपर्यंत ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांत परत कराव्या लागतात. कार्डात उरलेले परत घेताना ते तुमच्याकडून येन विकत घेतात तो रेट लागतो, तो आणखी कमी असतो, म्हणून मुळातच थोडं कमी भरा आणि लागलं तर तिथून ॲपवरून रिलोड करा. आमचे ६,००० येन कार्डात राहिले, ते अजून तसेच ठेवलेत, वर्षभर न वापरल्यास फी कापतात का हे मात्र तुमच्या कार्डाच्या माहितीपत्रकात वाचून घ्या.