लिस्पमध्ये मजकुराची संख्या करताना: कोणता मार्ग घ्यावा?

लिस्प हे प्रोग्रामिंग भाषांचं कुटुंब आहे. '४२' हा मजकूर दिला तर त्यातला कुठलाही मार्ग ४२ हीच संख्या देतो. फरक दिसतो तो मजकुरात भलतंच काही आलं तर. म्हणून निवडताना मी आधी '१२ किलो' देऊन बघतो.

कॉमन लिस्प या बोलीतलं पार्स-इंटिजर हे फंक्शन इथे एरर देतं, आणि मला तेच हवं असतं. मागेपुढे मोकळी जागा असली तर ते चालवून घेतं. जंक-अलाउड हा पर्याय चालू केला तर १२ मिळतात, शिवाय वाचन कुठे थांबलं ते स्थान दुसरी व्हॅल्यू म्हणून मिळतं. संख्येचा पाया (दहा, दोन वगैरे) बदलायला रेडिक्स हा पर्याय आहे. पण हे सगळं फक्त पूर्णांकांसाठी.

दशांश हवा असला की बरेच जण रीड-फ्रॉम-स्ट्रिंगकडे वळतात, कारण दशांश वाचणारं वेगळं फंक्शन कॉमन लिस्पच्या मानकात नाहीच. त्याला '३.५' कळतं, '१/२' कळतं. मात्र हा लिस्पचा पूर्ण रीडर आहे, म्हणजे लिस्पचा कोड वाचणारा भाग. '१२ किलो' मधले १२ घेऊन तो गप्प बसतो, नुसतं 'किलो' दिलं तर सिंबल, म्हणजे कोडमधलं एक नाव, बनवतो, आणि '#.' नंतर आलेला कोड वाचता वाचताच चालवतो. ही सोय मुळात चालूच असते. बाहेरून आलेल्या मजकुरावर हे वापरू नका. रीड-इव्हॅल हे चल वापरून ती बंद केली तरी हाती आलेली वस्तू संख्याच आहे का, हे तपासावं लागतंच. त्यापेक्षा पार्स-नंबर ही लायब्ररी घ्यावी.

ईमॅक्स या एडिटरमधल्या लिस्पचं स्ट्रिंग-टू-नंबर '१२ किलो' चे १२ करतं आणि 'किलो' चं शून्य. मला हे सगळ्यात घातक वाटतं: खरं शून्य आणि चुकीचा मजकूर यांत फरकच उरत नाही. तिथे आधी रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे मजकुराचा साचा जुळवून, तपासून घ्या.

स्कीम या लिस्पच्या बोलीतलं स्ट्रिंग-टू-नंबर पूर्ण मजकूर संख्या नसेल तर #फ, म्हणजे 'खोटं', देतं. स्कीममध्ये शून्य खरं धरलं जातं, त्यामुळे उत्तर सरळ इफमध्ये तपासता येतं. दशांश आणि अपूर्णांकही त्यातच आले. मोकळी जागा मात्र आधी छाटावी लागते. क्लोजर या बोलीत १.११ आवृत्तीपासून पार्स-लाँग आणि पार्स-डबल आहेत. जमलं नाही तर ती निल, म्हणजे 'काहीच नाही', देतात.

स्वतःचा इंटरप्रिटर (कोड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) लिहीत असाल तर स्कीमची रीत उचला. रीडरमध्ये टोकन, म्हणजे कोडचा एक सुटा तुकडा, संख्या आहे का हे ओळखणारा भाग तुम्ही लिहिलेला असतोच. तोच वेगळा काढून फंक्शन म्हणून द्या. पूर्ण रीडर मजकुराच्या वाटेत आणू नका.