घर, को-वर्किंग, अभ्यासिका की गाळा? नाशिकमध्ये ऑनलाइन धंदा करायचा तर बसायचं कुठे

इंदिरानगरातल्या फ्लॅटमधून भगर, नागली (नाचणी) आणि बेदाणे ऑनलाइन विकायला लागून मला पाच वर्षं झाली. एवढ्यात बसायच्या चार जागा करून झाल्या. त्यामुळे ओळखीत कुणी नवा धंदा सुरू केला की मला हमखास फोन येतो: घरी काम होत नाही गं, कॉलेज रोडला को-वर्किंगची, म्हणजे सामायिक ऑफिसातली, सीट घेऊ का? माझं उत्तर दर वेळी वेगळं असतं. 'काम होत नाही' म्हणजे नेमकं कुठलं काम होत नाही, यावर ते ठरतं.

माझ्या बाबतीत ते असं कळलं. नवरात्राच्या आदल्या आठवड्यात एका पार्सलात भगरीच्या जागी नागलीच्या पिठाची पाकिटं गेली. पुण्याच्या बाईंनी घटस्थापनेला सकाळी फोटो पाठवला, खाली एकच ओळ: "ताई, तुमच्याकडे उपासाला नागली चालते का?" त्या रात्री मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तीन रकाने आखले. घर, फोन, पार्सल. काम मोडलं की ज्याने मोडलं त्याच्या रकान्यात एक रेघ. आठवडाभर. माझी खात्री होती की घराचा रकाना भरून वाहणार: दारावरची बेल, सासूबाईंचा चहा, मुलाचं सापडत नसलेलं मोजं. निघालं भलतंच. फोनच्या रेघा घराच्या दुपटीहून जास्त होत्या. आणि तोवर मी को-वर्किंगचे पैसे भरून बसले होते! फोन अर्थातच पर्समधून माझ्याबरोबर तिथे येणार होता.

तेव्हा कुठल्याही जागेची अनामत देण्याआधी आठवडाभर रेघा मारा. खालचं सगळं त्या रेघांवर अवलंबून आहे.

घर आणि को-वर्किंगची सीट

पैशाचा हिशेब आधी, कारण तो लोक अर्धाच करतात. मला सीट साडेपाच हजारांना मिळाली होती. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 990. इंदिरानगर ते कॉलेज रोड आणि परत, स्कूटरचं पेट्रोल महिन्याला साधारण सातशे. झाले बहात्तरशे. माझ्या एका ऑर्डरवर खर्च वजा जाता साठ रुपये सुटतात. म्हणजे ती खुर्ची फुकट पडायला महिन्याला 120 ऑर्डरी जास्तीच्या यायला हव्यात. तुमचा साठचा आकडा किती आहे ते बघा आणि भागाकार करा. नियमित जीएसटी नोंदणी असेल तर ते 990 क्रेडिटमध्ये परत मिळतात, म्हणजे आपल्या भरायच्या करातून वजा होतात, पण मुख्य चित्र बदलत नाही.

वेळेचा हिशेब वेगळाच. सकाळी दहाच्या सुमारास इंदिरानगरचा बोगदा ज्यांनी ओलांडलाय त्यांना तिथली कोंडी समजावून सांगायला नको. मी साडेआठला निघायला लागले तेव्हा कुठे जमलं, पण मग डबा साडेसातला तयार पाहिजे, आणि डबा करणारी मीच.

तरीही सीटचे पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. एसी, वायफाय, मीटिंगची खोली हे जाहिरातीत असतं. बाईमाणसाला तिथे खरं मिळतं ते एक वाक्य: "ती ऑफिसला गेलीये." घरात लॅपटॉप उघडून बसलेली सून घरीच असते. गॅसवाला आला, नणंदेचा फोन आला, शेजारच्या काकूंना ऑनलाइन बिल भरून हवंय, सगळं तिच्याकडे. "घरीच आहेस ना" याला उत्तर नसतं. बाहेर पडल्यावर हीच कामं घरात कुणीतरी उरकतं, किंवा ती संध्याकाळपर्यंत थांबतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. तुमच्या घराच्या रकान्यात सगळ्यात जास्त रेघा असतील तर हे वाक्य विकत घेण्यासारखं आहे. फक्त ते स्वस्तातही मिळतं, त्याबद्दल खाली.

सीटवर काय जमत नाही तेही ऐका. पार्सल. वजनकाटा, टेप, बबल रॅप आणि वीस किलो भगर घेऊन को-वर्किंगमध्ये जाता येत नाही. मी सकाळी तिथे ऑर्डरी उतरवून घ्यायचे आणि दुपारी घरी येऊन भरायचे, तोवर कुरिअरचा पोरगा खाली हॉर्न वाजवत उभा. डिझाइन करणारे, शिकवण्या घेणारे, सल्ला देणारे, म्हणजे ज्यांचा माल वायरीतून जातो, त्यांना ही अडचण नाही. त्यांनी सीटचा विचार माझ्यापेक्षा मोकळ्या मनाने करावा, खासकरून क्लायंटला भेटायला बोलवावं लागत असेल तर.

कॅफेबद्दल विचारू नका. गंगापूर रोडला दोन कॉफ्यांवर तीन तास बसून वेटरशी नजर चुकवण्यात जेवढं लक्ष जातं तेवढ्यात एक अख्खं लिस्टिंग लिहून होतं.

अभ्यासिका: जिचा कुणी विचारच करत नाही

नाशिकला वाचनाच्या शांततेची परंपरा जुनी. सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, 1840 सालचं. पण मी म्हणतेय त्या गल्लोगल्लीच्या खासगी अभ्यासिका. एमपीएससीची पोरं-पोरी जिथे दिवसाचे दहा-बारा तास बसतात. लाकडी कप्पा, डोक्यावर ट्यूबलाइट, चार्जिंगचा पॉइंट आणि दारावर पाटी: मोबाइल सायलेंट, बोलायचं असेल तर बाहेर जावे. मला महिन्याला हजार रुपयांत जागा मिळाली, मुलींच्या स्वतंत्र दालनात.

पहिल्या दिवशी शेजारच्या मुलीने पाणी पिताना हळूच विचारलं, "ताई, राज्यसेवा की कम्बाइन?" मी म्हटलं, भगर. ती आजतागायत माझी गिऱ्हाईक आहे.

को-वर्किंगला बोलणं हा शिष्टाचार असतो, चहाला उठणं हाही. अभ्यासिकेत मान वर केली तरी अपराधी वाटतं, कारण आजूबाजूला प्रत्येक जण आयुष्याची परीक्षा देतोय. तिथे फोनवर बोलता येत नाही, हाच तिचा मोठा फायदा. मालाचं वर्णन लिहिणं, किमतींचा तक्ता, महिन्याचा हिशेब, जाहिरातीचे पैसे कुठे गेले ते तपासणं, ही डोक्याची कामं मी तिथेच उरकते. जीएसटीच्या दर महिन्याच्या विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-1 ची तारीख 11 असते, 3-बी ची 20. मी 9 आणि 10 तारखेच्या सकाळी अभ्यासिकेतच असते, आणि सीएंचा रात्री साडेदहाला येणारा चिडका फोन बंद झाला तो तेव्हापासून.

उणं काय? गिऱ्हाइकाचे फोन ज्यांच्या धंद्याचा प्राण आहेत त्यांच्यासाठी ही जागा नाही. व्हिडिओ कॉल विसरा. लॅपटॉपची बटणं खडखडत असतील तर शेजारीण बघते, तेव्हा मऊ कीबोर्ड लागतो. काही ठिकाणी लॅपटॉपवाल्यांना वेगळा कोपरा देतात, तर काही ठिकाणी घेतच नाहीत. आधी विचारा. परीक्षा जवळ आली की जागा मिळणं मुश्कील होतं, म्हणून मी दोन महिन्यांचे पैसे आधीच देऊन ठेवते.

गाळा

पार्सलच्या रकान्यात रेघा सगळ्यात जास्त असतील, म्हणजे दिवाणखान्यात खोके, लिफ्टमध्ये पोती, सोसायटीच्या ग्रुपवर टोमणे आणि पावसाळ्यात सादळलेले बेदाणे, तर खुर्ची बदलून काही होणार नाही. माल बाहेर काढावा लागतो. पाथर्डी फाटा, अंबड, सातपूर या बाजूला छोटे गाळे मिळतात. मी एका मैत्रिणीबरोबर अर्धा गाळा घेतला, तिचा पैठणीच्या कापडाच्या पर्सचा धंदा आहे. अर्ध्या भाड्यात अर्धी जागा, आणि कुरिअर एकाच फेरीत दोघींचं उचलतो.

पण गाळ्यामागे कागद येतात, आणि ते कुणी सांगत नाही. अन्नाचा परवाना जागेवर असतो, माणसावर नसतो. घरच्या पत्त्यावर एफएसएसएआयची नोंदणी असेल आणि पॅकिंग गाळ्यात हलवलं तर गाळ्याच्या पत्त्यावर नवी नोंदणी लागते आणि पाकिटांवरचा क्रमांकही बदलतो. छापलेली हजार लेबलं उरली असतील तर ती गेली. जीएसटी असेल तर गाळा 'अतिरिक्त जागा' म्हणून दाखवायचा, बदल झाल्यापासून 15 दिवसांत. भाडेकरार 11 महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 तसं सांगतं आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकते. मालक म्हणेल "नोटरी चालते", तर ऐकू नका. आणखी एक खाचखळगा: तुमची नियमित जीएसटी नोंदणी आहे आणि मालकाची नाही, तर 10 ऑक्टोबर 2024 पासून भाड्यावरचा 18 टक्के कर तुम्ही स्वतः भरायचा. पुढे क्रेडिट मिळतं, पण रोख आधी खिशातून जाते. घरमालकाने सांगितलेल्या भाड्यात हे धरलेलं नसतं.

लॅपटॉप घेऊन नुसतं को-वर्किंगला किंवा अभ्यासिकेत बसणार असाल, माल आणि नोंदणीचा पत्ता घरचाच असेल, तर यातलं काही करावं लागत नाही.

फोनचा रकाना

फोनच्या रेघा जास्त असतील तर वरच्या कुठल्याच जागेवर पैसे घालवू नका, निदान आधी नको. सोफी लेरॉय या अमेरिकेतल्या संशोधिकेने 2009 मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसरं हाती घेतलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो, आणि दुसरं काम त्यामुळे बिघडतं. माझ्या नागलीच्या पिठाचं स्पष्टीकरण यात आलं. पुढे 2018 च्या अभ्यासात त्यांनी उपायही तपासला: उठण्याआधी, आपण कुठे होतो आणि परत आल्यावर आधी काय करायचं, एवढं लिहून ठेवायचं. मी पॅकिंगच्या टेबलावर पाटी-पेन्सिलच ठेवलीये. "मालेगाव ऑर्डर, भगर 2 टाकली, बेदाणे बाकी." मग खुशाल फोन घ्या.

व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये अवे मेसेज आणि क्विक रिप्लाय फुकट आहेत. माझा अवे मेसेज असा: "नमस्कार, ऑर्डरी भरण्याचं काम चालू आहे. 1 वाजता आणि 6 वाजता सगळ्यांना उत्तर देते." वेळ लिहिल्यावर लोक थांबतात, "लवकरच संपर्क करू" यावर थांबत नाहीत. 'भाव काय' आणि 'कधी पोचेल' यांची उत्तरं क्विक रिप्लायमध्ये, तिरकी रेघ टाकली की समोर येतात. यामुळे काही गिऱ्हाइकं जातात का? जातात. ज्यांना तिसऱ्या मिनिटाला उत्तर हवं असतं ती दुसरीकडे घेतात. आणि नवरात्र, महाशिवरात्र, आषाढी एकादशी यांच्या आधीच्या आठवड्यात मी हा नियम सरळ मोडते, कारण तेव्हा भगरीचं गिऱ्हाईक थांबतच नाही. त्या दिवसांत मैत्रिणीचा भाचा रोजावर येऊन फोन सांभाळतो आणि मी फक्त भरते.

पंचवीस मिनिटं की अख्खी सकाळ

टायमर लावून पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी, ही पोमोदोरो पद्धत फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियनाने 1980 च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी असताना स्वतःसाठी काढली. टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ वापरायचा म्हणून ते नाव. नावडत्या कामाला ती उत्तम आहे: परताव्यांची नोंद, बँकेचा ताळा, जुने फोटो आवरणं. पॅकिंगला अगदी निरुपयोगी. टेबलावर चाळीस पाकिटं मांडलेली असताना घंटा वाजली म्हणून कुणी उठत नाही. तिथे घाऊक पद्धत बरी, आधी सगळी भगर वजन करून, मग सगळे बेदाणे, मग सगळ्या चिठ्ठ्या चिकटवून. लिहायच्या कामालाही मला पंचवीस मिनिटं तुटपुंजी पडतात, त्यासाठी दीड तासाचा सलग तुकडा लागतो.

मग घ्यायचं काय

महिन्याला शंभराच्या आत ऑर्डरी असतील तर घर आणि अभ्यासिका, दुसरं काही नको. आठवड्यातून तीन सकाळी तिकडे, बाकी घरी. माल नसलेला, क्लायंट असलेला धंदा असेल आणि वरचा भागाकार जमत असेल तर सीट, पण वर्षाची नाही, महिन्याची. पार्सलं दिवसाला पंधरा-वीसच्या पुढे गेली की गाळा, शक्यतो भागीत.

गाळा घेणाऱ्यांनी एक बघावं. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. 2015 च्या पर्वणीला पोलिसांनी रस्ते अडवले तेव्हा नाशिककरांनाच शहरात हलता येत नव्हतं. पंचवटी, रामकुंडाच्या जवळचा गाळा आज स्वस्त पडतोय म्हणून घेतलात तर नेमक्या श्रावणात, उपासांच्या दिवसांत, कुरिअरची गाडी तुमच्यापर्यंत पोचणार नाही. मी पाथर्डी फाट्याचा करार त्या हिशेबानेच लांबवलाय.