भाडेकरू प्रशिक्षण वर्ग: इंदूरच्या एका घरमालकिणीचा अभिप्राय

आमच्या भागातील एक सामाजिक संस्था पहिल्यांदाच भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि नोकरदारांसाठी विनामूल्य प्रशिक्षण वर्ग चालवते. घर पाहताना काय तपासावे, करारातील अटी कशा वाचाव्यात, भाडे वेळेवर देता यावे म्हणून महिन्याच्या खर्चाचा मेळ कसा घालावा, शेजाऱ्यांशी कसे राहावे आणि घर सोडताना काय करावे, असे विषय त्यात शिकवले जातात आणि वर्ग पूर्ण करणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते. लोकमान्यनगरातील आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर सध्या असे प्रमाणपत्र घेतलेल्या दोन मुली राहतात आणि त्यांच्या आधी राहून गेलेला मुलगाही याच वर्गातून आला होता. वर्गाची माहिती भाडेकरूंपर्यंत पोहोचते, पण ज्यांनी त्या प्रमाणपत्रावर भरवसा ठेवायचा त्या घरमालकांना त्याबद्दल फारसे ठाऊक नसते, म्हणून हे लिहीत आहे.

या वर्गातील सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे घराच्या स्थितीचे पत्रक. सामान आणण्यापूर्वी या मुली एक छापील कागद घेऊन आल्या आणि प्रत्येक खोलीत माझ्यासोबत फिरल्या. न्हाणीघराच्या खिडकीचे एक तावदान तडकलेले आहे, स्वयंपाकघरातील नळाची चकती झिजलेली आहे, बाल्कनीकडील भिंतीला पावसाळ्यात ओल येते, पंख्याचा रेग्युलेटर दोनवर अडकतो, हे सारे त्यांनी लिहून घेतले, मोबाइलवर छायाचित्रे काढली आणि खाली माझी सही मागितली. अशी मागणी ऐकून एखाद्या घरमालकाला अविश्वासाचा वास येईल. प्रत्यक्षात तो कागद दोघांच्याही हिताचा आहे. आधीचा मुलगा खोली सोडून गेला तेव्हा अनामत रकमेचा हिशेब याच पत्रकावरून झाला. कपाटाच्या दारावरील ओरखडा नवा होता, त्याचे पैसे त्याने स्वतःहून कापायला सांगितले आणि भिंतीची ओल जुनी असल्यामुळे तिच्याबद्दल एक शब्दही निघाला नाही. अनामतीवरून होणारी कटुता ज्यांनी अनुभवली आहे त्यांना याचे मोल सांगायला नको.

इंदुरात राहायचे तर काही गोष्टी बाहेरगावाहून आलेल्या माणसाला कोणीतरी सांगाव्याच लागतात. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, त्यामुळे कोरडा नळ उघडा ठेवून कोणी कॉलेजला निघून गेले, तर दुसऱ्या दिवशी पाणी आल्यावर साऱ्या घराची टाकी रिकामी होते. कचरा गाडीवर सहा प्रकारांत वेगळा करून द्यावा लागतो आणि सॅनिटरी कचरा सुक्यात टाकला तर बोलणी घरमालकालाच खावी लागतात. वर्गात हे दोन्ही नीट शिकवले जाते, आणि या मुलींना मला त्यातले काहीही सांगावे लागले नाही.

विजेच्या बाबतीत मात्र वर्ग कमी पडतो. सबमीटरचे आकडे महिन्याच्या ठरलेल्या तारखेला दोघांनी मिळून नोंदवावेत, एवढेच तेथे सांगतात. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेखाली महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत असेल तर पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपयेच पडतात, पण खालचा आणि वरचा मजला एकाच मुख्य मीटरवर असेल तर दोघांचा वापर मिळून ही मर्यादा सहज ओलांडली जाते आणि सवलत जाते. तो वाढीव भार कोणी किती उचलायचा, हा आमच्याकडचा खरा वादाचा मुद्दा आहे आणि वर्गात दिल्या जाणाऱ्या पुस्तिकेत त्यावर एक ओळही नाही. तसेच केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यातील दोन महिन्यांच्या अनामतीची मर्यादा पुस्तिकेत आहे, परंतु राज्याने तो स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, हे तेथे ठळकपणे सांगायला हवे होते.

प्रमाणपत्र हातात आले म्हणून करार आणि पोलीस ठाण्यात द्यावयाची भाडेकरूची माहिती या दोन्ही गोष्टी टाळता येत नाहीत. अकरा महिन्यांचा करार आपण करतो तो १९०८ च्या नोंदणी कायद्यामुळे, कारण एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. वर्गातील मुलांना हे कारण माहीत असते, अनेक घरमालकांना नसते.

अमेरिकेत असे वर्ग बऱ्याच काळापासून चालतात. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या विस्तार विभागाचा ‘रेंट स्मार्ट’ आणि ओरेगॉन राज्यातील ‘रेंट वेल’ ही त्यांची उदाहरणे आहेत. तिकडे प्रामुख्याने ज्यांना पूर्वी घराबाहेर काढले गेले किंवा ज्यांची पतनोंद बिघडली आहे, अशांना घर मिळावे हा हेतू असतो आणि ओरेगॉनमध्ये वर्ग पूर्ण केलेल्या भाडेकरूकडून अनामतीपेक्षा अधिक नुकसान झाले तर घरमालकाला हमी निधीतून भरपाई मागता येते. आपल्याकडील अडचण निराळी आहे. येथे मुलाचे आडनाव, त्याचे खाणे आणि तो एकटा आहे की सहकुटुंब, हे विचारून दार बंद केले जाते. गावात ओळखीचे कोणी नसलेल्या मुलाला स्वतःबद्दल सांगण्यासारखे काहीच उरत नाही. भाडे कसे द्यावे आणि घर कसे सांभाळावे हे मी शिकून आलो आहे, एवढे तरी तो या प्रमाणपत्राच्या आधारे सांगू शकतो आणि मला भाडेकरूबद्दल नेमके तेच जाणून घ्यायचे असते. म्हणूनच संस्थेने थोडीशी का होईना, नुकसानीची हमी उभारावी असे मला मनापासून वाटते, कारण साशंक घरमालक केवळ कागद पाहून तयार होणार नाही.

संस्थेला आणखी एक सूचना करावीशी वाटते. खोलीत जाण्यापूर्वी भाडेकरूला कळवावे, भाड्याची पावती द्यावी आणि दुरुस्ती लांबवू नये, हे आम्हा घरमालकांनाही शिकवायला हवे. रविवारच्या एका सकाळी तेवढा वर्ग ठेवला तर मी येईन आणि आमच्या गल्लीतील आणखी काहींना घेऊन येईन. तोवर वरची खोली रिकामी असलेल्या इंदूरकरांनी या वर्गातील मुलांना अवश्य विचारावे आणि त्यांनी पत्रक आणले नाही तर ते आपणहून मागावे.