३२ जीबीचा आयपॉड म्हणून घेतला, आत निघाले ४ जीबी

बाबांचे हात थरथरतात. टचस्क्रीनवर गाणं लावायला जातात आणि फोन भलत्यालाच लागतो. सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारताना खिशात राहील आणि न बघता अंगठ्याने चालवता येईल, असं फक्त गाण्यांचं काहीतरी त्यांना हवं होतं. अशी वस्तू आता सहज मिळत नाही. अ‍ॅपलने आयपॉड नॅनो हा गाण्यांचा छोटा प्लेअर २०१७ मध्येच बंद केला आणि २०२२च्या मे महिन्यात उरलासुरला आयपॉड टचही. मोठ्या दुकानांत विचारलं की "मोबाइलवरच ऐका ना मॅडम" हेच उत्तर. त्यामुळे ठाणे पश्चिमेला, स्टेशनजवळच्या गल्लीत मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका दुकानात काचेखाली चाकाचा नॅनो दिसला तेव्हा मला फार आनंद झाला.

"जुना इम्पोर्टचा स्टॉक आहे, सीलपॅक. ३२ जीबी. शेवटचे दोनच पीस राहिलेत." साडेतीन हजार सांगून त्याने अठ्ठावीसशेला दिला. माझ्यासमोर सील फोडलं, लॅपटॉपला जोडून दाखवलं: २९.८ जीबी. ३२ जीबीची वस्तू कॉम्प्युटरवर तेवढीच दिसते हे मला ठाऊक होतं, उलट म्हणूनच विश्वास बसला. दोन गाणी टाकून ऐकवली. बिल मागितलं तर "बिल घेतलंत तर जीएसटी वर द्यावा लागेल." मी क्यूआर कोडवर पैसे दिले आणि घरी आले.

महिनाभर सगळं सुरळीत. शंभरेक गाणी टाकली होती, बाबा खूश. मग मी लॅपटॉपवरचा त्यांचा सगळा संग्रह, जवळपास ११ जीबी, त्यात भरला. त्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. काकांनी १९८७ साली वाईच्या घरी टेपरेकॉर्डरवर घेतलेल्या, दोन कॅसेट, चार बाजू. कॅसेटना बुरशी लागली होती. एमपी३ करून देणाऱ्यानेच सांगितलं होतं की ही फीत पुन्हा चालणार नाही. प्लेअरवर चारही फाइलींची नावं दिसली, पहिली लावून मिनिटभर ऐकली, आणि लॅपटॉपमध्ये जागा करायला तो फोल्डर मी पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी बाबा तलावावरून लवकर परतले. "अगं, आईच्या मधेच भीमसेन कसे आले?"

मी ऐकलं. 'पहिली माझी ओवी गं' म्हणणारा आजीचा आवाज, मागे जात्याची घरघर, आणि अकराव्या मिनिटाला शब्द अर्ध्यावर तुटून एकदम भीमसेन जोशींच्या आवाजातला अभंग. दुसऱ्या बाजूचं तसंच. तिसरी आणि चौथी लागलीच नाहीत.

भाच्याने त्यावर 'एच२टेस्टडब्ल्यू' हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवला. तो मेमरी काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतो. चार तास लागले. धड निघाले ३.७ जीबी, बाकी सगळं हरवलेलं. चिप ४ जीबीचीच. तिचा कारभार बघणाऱ्या कंट्रोलरला फक्त ३२ सांगायला शिकवलेलं. खरी जागा संपली तरी तो नव्या फाइली घेत राहतो. काही कुठेच लिहीत नाही, काही आधीच्यांवर लिहितो. फाइलींच्या नावांची यादी मात्र सुरुवातीच्या खऱ्या जागेत असते, म्हणून यादी शेवटपर्यंत शाबूत दिसते. दुकानात दोन गाणी ऐकून हे कुणालाच कळणार नाही. ही लबाडी फक्त प्लेअरमध्येच नाही, पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डातही सर्रास होते.

नंतर कळलं ते आधी माहीत असतं तर काचेजवळूनच परत फिरले असते. आयपॉड नॅनो कधीच ३२ जीबीत निघाला नाही. जास्तीत जास्त १६. खऱ्या नॅनोच्या चाकावर अंगठा गोल फिरवला की यादी आणि आवाज वरखाली होतात. आमच्या चाकावर अंगठा फिरवून काही व्हायचं नाही, चार बाजूंना टकटक दाबावं लागायचं. आणि खऱ्यात गाणी आयट्यून्ससारख्या अ‍ॅपलच्या प्रोग्रॅममधून भरावी लागतात. त्या दुकानदाराने ती पेन ड्राइव्हसारखी सरळ कॉपी केली तेव्हाच मला शंका यायला हवी होती. विकत घेतलेली कुठलीही मेमरी आधी पूर्ण तपासा, त्यावर काही मोलाचं ठेवायच्या आधी. आणि ती तपासून होईपर्यंत मूळ प्रत पुसू नका, हे मी हात जोडून सांगते.

लॅपटॉपला एसएसडी, म्हणजे चिपवाली डिस्क आहे, तिच्यावरून पुसलेलं सहसा परत मिळत नाही. आमचंही आलं नाही. चौथी बाजू मात्र मी पूर्वी साताऱ्याच्या आत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती, ती तिने जपून ठेवली होती. ती आता तीन ठिकाणी आहे. उरलेल्या दोन बाजूंचे तुकडे आहेत. तिसरी गेली.

दुकानात गेले तेव्हा तो म्हणाला, "आमच्याकडचा पीस नाही हा. बिल आहे?" क्यूआर कोडवरचं नाव दुकानाचं नव्हतंच, कुणा भलत्याच माणसाचं होतं. तरी पैसे दिल्याची नोंद, खोक्याचे आणि तपासणीच्या निकालाचे फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. अठ्ठावीसशे रुपये परत येतील न येतील. मला तो धंदा बंद झालेला बघायचा आहे.

परवा त्या गल्लीतून गेले. काचेखाली पुन्हा दोन पीस होते.