ट्वाइन: चुकलेल्या उत्तरालाही गोष्टीत जागा देणारं साधन

मोबाइलवरच्या बहुतेक प्रश्नमंजूषांमध्ये उत्तर चुकलं की लाल फुली येते आणि पुढचा प्रश्न सुरू होतो. गोष्टीला फाटे फुटणारा खेळ मराठीत, आपल्या गावाच्या माहितीवर बनवायचा असेल तर ट्वाइन हे आज सर्वांत सोपं साधन आहे. क्रिस क्लिमस यांनी ते २००९ मध्ये आणलं. ते मोफत आहे, मुक्तस्रोत आहे आणि त्यात जाहिराती नाहीत. ब्राउझरमध्ये चालतं, संगणकावर उतरवूनही घेता येतं. खेळ मोबाइलवर छान चालतो, पण लिहायला मात्र मोठा पडदाच घ्या.

रचना अशी. प्रत्येक प्रसंगाचा एक चौकोन, त्याला ‘पॅसेज’ म्हणतात. पर्याय दुहेरी चौकोनी कंसात लिहायचा. समजा खेळ नाशिकवर आहे आणि प्रश्न असा: कुसुमाग्रजांचा जन्म कुठे झाला?

[[पुणे->बरोबर]]
[[नाशिक->टिळकवाडी]]

बाणाआधीचा मजकूर खेळणाऱ्याला दिसतो, बाणानंतरचं नाव पॅसेजचं. नाशिककर हमखास दुसरा पर्याय दाबणार. म्हणून त्याला फुली न दाखवता टिळकवाडीतल्या त्यांच्या घराशी न्यायचं आणि तिथे सांगायचं, की २७ फेब्रुवारी १९१२ चा जन्म पुण्याचा, कर्मभूमी ही. पांडवलेण्यांचंही तसंच. ‘पांडवांनी कोरली’ म्हणणाऱ्याला तिसऱ्या लेण्यातल्या सातवाहन राणी गौतमी बलश्रीच्या शिलालेखापुढे उभं करा. बौद्ध लेणी आणि सातवाहन दोन्ही तिथेच कळतात. या खेळाचा सगळा जीव अशा चुकीच्या वाटांत आहे.

मात्र वाटा मोकळ्या सोडू नका. १० प्रश्न, प्रत्येकाला २ पर्याय आणि एकही वाट परत जुळली नाही, तर शेवटच १,०२४ होतात. प्रत्येक उत्तराची वाट दोन-चार ओळींत पुढच्या प्रश्नावर आणून जोडली, तर १० प्रश्नांचे आणि २० उत्तरांचे मिळून ३० पॅसेज पुरतात. फरक गुणांत साठवायचा आणि शेवट तीनच ठेवायचे.

गुण मोजायला हार्लो हा मूळचा ‘स्टोरी फॉरमॅट’, म्हणजे खेळ चालवणारा साचा, पुरेसा आहे. गुण शून्य करणारी ओळ पहिल्या पॅसेजमध्ये, वाढवणारी ओळ बरोबर उत्तराच्या पॅसेजमध्ये. वाढवणारी ओळ प्रश्नाच्याच पॅसेजमध्ये लिहिली, तर प्रश्नावर परत येणाऱ्याचे गुण दर वेळी फुकट वाढतात. गुणांच्या खात्याचं नाव रोमन अक्षरांत आणि आज्ञेतले आकडेही इंग्रजी ठेवा. देवनागरी अंक फक्त वाचायच्या मजकुरात.

मराठीत सर्वाधिक बिघाड होतो तो शुद्धलेखनाने. दुव्यात ‘चूक’ आणि पॅसेजला ‘चुक’ असं नाव असेल, तर ट्वाइन निमूट एक नवा रिकामा पॅसेज तयार करतं आणि खेळणारा कोऱ्या पानावर अडकतो. त्याहून फसवा ‘पायऱ्या’ हा शब्द. त्यातला ‘ऱ’ एका कीबोर्डवर एकसंध अक्षर म्हणून येतो, दुसऱ्यावर ‘र’ आणि खालचं टिंब (नुक्ता) असा. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. रामकुंडाच्या पायऱ्यांवर गोष्ट नेताना पॅसेजचं नाव ‘घाट’ ठेवा, भानगड मिटते.

हार्लोची एक सोय प्रश्नमंजूषेला घातक आहे. बाजूला मागे जाण्याचा बाण असतो. तो दाबला की उत्तरही बदलता येतं आणि गुणही मागच्या स्थितीत जातात. स्टोरी स्टाइलशीटमध्ये, म्हणजे खेळाचं रूप ठरवणाऱ्या जागी, बाणाची ती बाजूची पट्टी (साइडबार) लपवणारी ओळ घातल्याशिवाय खेळ कुणाला देऊ नका. खेळ लांबलचक असेल आणि मध्येच थांबून पुन्हा सुरू करायचा असेल, तर शुगरक्यूब हा फॉरमॅट बरा, कारण त्यात सेव्हची सोय तयार मिळते. तो सुरुवातीलाच निवडा. दोघांच्या आज्ञा वेगळ्या आहेत, नंतर बदलल्यास त्या सगळ्या पुन्हा लिहाव्या लागतात.

ब्राउझरमधलं काम त्या ब्राउझरच्याच साठ्यात राहतं. ब्राउझरचा डेटा साफ केला की गोष्ट गेली, आणि ती परत मिळत नाही. रोज काम संपवून उठताना ‘आर्काइव्ह’, म्हणजे सगळ्या गोष्टींची प्रत, उतरवून घ्या.

‘पब्लिश टू फाइल’ केल्यावर एकच एचटीएमएल फाइल मिळते. नुसत्या मजकुराचा खेळ त्यावर नेटशिवायही चालतो, त्यामुळे त्र्यंबकच्या वाटेवर रेंज गेली तरी अडत नाही. चित्रं मात्र फाइलबाहेर राहतात. व्हॉट्सअ‍ॅपवर एकटी फाइल पाठवली तर त्यांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतील. फाइल प्रिव्ह्यूमध्ये उघडून पर्याय दाबले जात नसतील, तर ती ब्राउझरमध्ये उघडायला सांगा. चित्रांसह द्यायचा असेल तर फाइलला ‘index.html’ नाव देऊन, चित्रांसकट झिप करून इच डॉट आयओ (itch.io) या खेळांच्या संकेतस्थळावर चढवा. तिथेही मोफत जागा मिळते आणि पाठवायला फक्त एक दुवा उरतो.