नागपुरात कोडिंग शिकायचंय: क्लास लावू, घरी शिकू की चारजणी मिळून?

एमएस-सीआयटी झालंय, मुलं शाळेत जातात, दुपारचे दोन तास हाताशी आहेत आणि आता कोडिंग शिकायचंय. नागपुरातल्या ज्या बायका माझ्याकडे चौकशी करतात, त्यांच्यापुढे साधारण तीन वाटा असतात. क्लास लावायचा, इंटरनेटवर फुकट शिकायचं, नाहीतर चारजणी मिळून बसायचं. माझं मत आधीच सांगते: चारजणी आधी गोळा करा, कोर्स मग ठरवा.

बर्डी, धरमपेठ, नंदनवन, कुठेही जा, कम्प्युटर क्लास सापडतो. त्याचा खरा फायदा ठरलेल्या वेळेचा. 'मी क्लासला चालले' म्हटलं की ते दोन तास घरात कुणी मागत नाही. 'मी लॅपटॉपवर शिकतेय' म्हटलं की दर दहा मिनिटांनी हाक येते. पण फी घसघशीत, बॅचमध्ये बहुतेक कॉलेजची मुलं आणि वेळ बरेचदा नेमकी संध्याकाळच्या स्वयंपाकाची. दुपारची बॅच मिळालीच, तर मे महिन्यात ४५ अंशांत मानेवाड्याहून बर्डी गाठायची. पैसे भरण्याआधी 'एक तास नुसतं बसू द्या' म्हणा आणि कोड कोण टाइप करतंय तेवढं पाहा. सर फळ्यावर लिहितात आणि मुली वहीत उतरवतात, असं दिसलं तर तो क्लास सोडून द्या.

फुकट शिकायचं तर साहित्याला तोटा नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सी आणि सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषांचे धडे मराठी आवाजात आहेत. व्हिडिओ थांबवायचा, शेजारच्या खिडकीत तेच टाइप करून पाहायचं, अशी त्यांची पद्धत. इंग्रजीची धास्ती असेल तर पहिलं पाऊल इथेच टाका. इंग्रजी वाचता येत असेल तर फ्रीकोडकॅम्प ही वेबसाइट चांगली. काही इन्स्टॉल करावं लागत नाही, ब्राउझरमध्येच लिहायचं, चुकलं की तिथेच कळतं. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा कोर्स फार सुंदर आहे, पण लगेच सी भाषा सुरू होते आणि गणितं दमवतात. नवख्या बाईने त्यांचाच पायथन या दुसऱ्या भाषेचा वेगळा कोर्स घ्यावा. सरकारच्या स्वयम पोर्टलवर आयआयटी रोपडचा 'द जॉय ऑफ कम्प्युटिंग युजिंग पायथन' आहे. १२ आठवडे, दर आठवड्याला असाइनमेंट. शिकायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी. तारखेचा धाक असल्याशिवाय ज्यांच्या हातून काम होत नाही, त्यांना हाच बरा.

मग अडतं कुठे? भिशीचा हिशोब करणारा छोटा पायथन प्रोग्राम लिहायला घ्या. दोघींचे हप्ते विचारायचे आणि बेरीज दाखवायची. पहिलीने ५०० टाकले, दुसरीने ५०० टाकले, आणि स्क्रीनवर येतं ५००५००. प्रोग्राम बंद पडत नाही, एररही दिसत नाही, नुसतं उत्तर चुकतं. कारण इनपुटने घेतलेलं सगळं पायथन मजकूर समजतो, आणि मजकुराची बेरीज म्हणजे एकापुढे एक जोडणं. दोन्हींना इंट, म्हणजे 'याला आकडा समज' असं सांगणारा शब्द, लावलं की १००० येतात. ज्याला माहीत आहे त्याचं अर्ध्या मिनिटाचं काम. एकटीची मात्र यात अख्खी दुपार जाते, आणि 'आपल्याला नाही जमायचं' हे मनात पक्कं होऊन बसतं. त्या बाईचं डोकं कमी पडलेलं नसतं, शेजारी विचारायला कुणी नसतं.

जँगो गर्ल्स ही बायकांसाठीची कोडिंगची कार्यशाळा नेमकी याच गरजेवर उभी आहे. २०१४ मध्ये बर्लिनला दोघीजणींनी ती सुरू केली आणि मग जगभर पसरली. एक दिवस, फी नाही, दोन-तीन जणींमागे एक मार्गदर्शक, आणि दिवसभरात स्वतःची छोटी वेबसाइट बनवायची. तिचं पाठ्यसाहित्य इंटरनेटवर मोफत आहे, त्यामुळे आपल्या शहरात कार्यशाळा भरण्याची वाट पाहायला नको. बाहेरच्या मोठ्या संस्थेवरच विसंबूही नये. विमेन हू कोड ही कोडिंग करणाऱ्या बायकांची केवढी मोठी संस्था, पण पैशाअभावी २०२४ मध्ये बंद झाली. मैत्रिणींच्या गटाला निधी लागत नाही.

गट जमवणं अवघड नाही. सोसायटीतली एक, मुलाच्या शाळेतली एक आई, एखादी वहिनी, आणि जिला थोडंफार येतं अशी इंजिनीअरिंगची भाची. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, एकीच्या घरी. चौघींत दोन लॅपटॉप पुरतात, उलट बरंच. एक टाइप करते, दुसरी चूक पकडते. कोर्स सगळ्यांनी एकच घ्यायचा, नाहीतर अडलेलं कुणालाच सांगता येत नाही. भाचीला एकच ताकीद द्या: कीबोर्ड हातात घ्यायचा नाही, तोंडाने सांगायचं.

मिहानमधल्या एखाद्या कंपनीत अर्ज करायचा असेल, तर पुढे क्लासही लावावा लागेल. तो चार-सहा महिने असं शिकून झाल्यावर लावा. तोवर सरांना नेमकं काय विचारायचं ते कळलेलं असतं आणि भरलेली फी वसूल होते.